तंबाखूला आता तुमीच जायचं

किन्हवलीस भूमिकाच्या आजोबांना पुण्याहून म्हातारीचा नमस्कार. मी धडधाकट आहे. मला इथं बैठकीला घेऊन आलेली संध्याताई लिहून घेतेय.

अहो, आरोग्य खात्याच्या सायबांनी आमचं ऐकलं! तंबाखू सुटावी म्हणून ते भिंतींवर नुसत्या कवट्या रंगवणार होते. संध्याताईनं गावोगाव फिरून अभ्यास केलाय: मोठ्यांसाठी तंबाखू आणणारी पोरंच जास्त करून पुढं खायला लागतात. सायेब म्हणाले, "आजी, हे खरं का?" मी म्हटलं, "आमचा लेक अनिल असाच शिकला, आता नात जाते दुकानात."

शहापूर-मुरबाडात पोरांच्या हाती तंबाखू द्यायची नाय, असा हुकूम निघतोय!

अनिलचं तंबाखूनं आखडलेलं तोंड भाकरीपुरतं तरी उघडतं ना?

भूमिकाला दुकानात धाडू नका. तुमीच जा. गुडघे दुखले तर घरी बसा, तंबाखूवाचून कोण मेलंय?

तुमच्यावर तिकडूनही नजर ठेवणारी,
भूमिकाची आजी