हाताला येईल अशी कडी

प्रिय आई,

आज लातूरला घर बघायला गेलो होतो. घरमालकीण काकू उत्साहाने सांगत होत्या, उजेड भरपूर आहे, बोअरला पाणी आहे, शाळा कोपऱ्यावर आहे. आणि मी काय करत होते माहीत आहे? आतल्या खोलीत गेले, दार लावलं, कडी घातली, दोन्ही हातांनी चौकट हलवून बघितली आणि कडी काढून बाहेर आले. मग दुसऱ्या खोलीत पुन्हा तेच. काकू बघतच राहिल्या. "दाराला काई झालंय का ताई?" मी म्हटलं, नाही, सवय आहे. तुझ्या जावयाने, श्रीकांतने, तोंड फिरवून हसू लपवलं. आणि मला एकाएकी तुझी इतकी आठवण आली की मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं.

तू गेलीस त्याला वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तुला काही लिहिलं नाही. पण आता लेकरांना घेऊन गाव बदलायचंय, आणि गाव निवडणं हे आपल्या घरात तुझं खातं होतं. दादा घरचे कर्ते, पण त्यांच्याकडे ते कधीच नव्हतं. मग विचारू कुणाला?

तुला आपलं निलंग्याचं घर आठवतं ना? काय विचारते मी! धाब्याचं, मातीच्या छताचं, जाड भिंतींचं, उन्हाळ्यात गार. गणपती विसर्जन करून दादा उशिरा आले आणि ओसरीवरच झोपले. तू आणि मी आत. पहाटे जमीन हलली तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. वरून माती पडत होती, भांडी पडत होती आणि तू कडी ओढत होतीस, एवढंच आठवतं. चौकट तिरकी झाली होती, कडी अडकली होती. मी तुझ्या पायाशी उभी राहून हात वर करत होते आणि माझा हात कडीपर्यंत पोचत नव्हता. दादांनी बाहेरून पहार घालून दार तोडलं. आपल्याला खरचटलंसुद्धा नाही. तिकडे किल्लारीकडे गावंच्या गावं झोपेत गेली, आणि आपण दोघी अंगणात निंबाखाली उभ्या होतो, डोक्यात माती घेऊन.

त्यानंतर तू बदललीस असं सगळे म्हणायचे. मला मात्र तू पहिल्यापासून अशीच होतीस असं वाटायचं, कारण आधीची तू मला आठवतच नाहीस. ते थोडं वाईट वाटतं गं.

मग दादांची बदली निघाली. पाटबंधारे खात्यात लातूर नाहीतर नांदेड, काय हवं ते मागा म्हणाले. सगळे नातेवाईक एका सुरात लातूर म्हणाले. तिथली मुलं बोर्डात येतात, तिथले मास्तर पोरांना घडवतात, मनूला डॉक्टर करायचं असेल तर दुसरं गाव नाही. मामांनी तर घरही बघून ठेवलं होतं. तू मला काखोटीला मारून दादांबरोबर बघायला गेलीस. पक्कं स्लॅबचं घर, वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली भाड्याने ठेवलेल्या. मालक अभिमानाने म्हणाला, "काळजीच नको वहिनी, रातच्याला मी जिन्याच्या जाळीला भायेरून कुलूप घालतो. चावी माझ्या उशाखाली. एक पोरगी हलणार न्हाई."

तू पाण्याचा पेला खाली ठेवलास. "आन् रातीला भुई हलली तर?"

तो हसला. तू हसली नाहीस. तू माझा हात धरून उठलीस आणि मामांना तिथल्या तिथे म्हणालीस, "ह्या घरात न्हाई. ह्या गावातबी न्हाई." मामा पुढे कितीतरी वर्षं हे लग्नाकार्यात सांगून लोकांना हसवायचे. माझ्या बहिणीनं कुलुपापायी लातूर सोडलं म्हणून.

नांदेडचं आपलं किरायाचं घर तुला कशामुळे आवडलं, तर दार हलक्या फळ्यांचं होतं आणि वर पत्रे होते. पत्रा पडला तर माणूस मरत नाही, हा तुझा हिशेब. ते पत्रे मे महिन्यात काय तापायचे! मी दहावीचा अभ्यास ओला टॉवेल डोक्यावर घेऊन केला आणि प्रत्येक धड्याला तुझ्या नावाने बोटं मोडली. सामान लावायच्या आधी तू सुतार बोलावलास. दाराची वरची कडी तशीच ठेवली आणि खाली, माझ्या छातीच्या उंचीवर, दुसरी बसवून घेतलीस. घरमालकीण सरदारीणबाई अंगणात उभी राहून बघत होती. "ये कडी किसके वास्ते, बहनजी? बिल्ली के?" पूर्ण गल्लीत आपलं घर मांजरीच्या कडीचं घर म्हणून प्रसिद्ध झालं. शेजारपाजारची पोरं मुद्दाम येऊन ती कडी वाजवायची.

मला अ आ ई यायच्या आधी ती कडी उघडायला आली. तू माझे डोळे ओढणीने बांधायचीस आणि म्हणायचीस, "काढ. आता भायेर जा. निंब कुठं हाय, तिथं उभी ऱ्हा." नांदेडच्या अंगणात निंब नव्हताच, विजेचा खांब होता. मी खांबाला हात लावून ओरडायचे, आले निंबाखाली! मला तो खेळ वाटायचा. तुला तो कधीच खेळ वाटला नसणार, नाही का?

आता थोडं भांडते. चालेल ना?

दहावीनंतर वर्गातली अर्धी मुलं बॅगा भरून लातूरला निघाली. मलाही जायचं होतं. मार्क होते, दादा तयार होते. तू नाही म्हणालीस. मी रडले, जेवले नाही, शेवटी म्हणाले, एका कडीपायी माझं आयुष्य अडवतेस तू. तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "डाक्टर न्हाई झालीस तरी चालंल मला." मला नाही चालत, असं मी ओरडले होते. नांदेडलाच क्लास लावला, आणि डॉक्टर नाही झाले. लातूरला जाऊन झाले असते का? कोण सांगणार. आता रोज वर्गभर मुलांना जीवशास्त्र शिकवते, त्यातली काही डॉक्टर होतात, माझ्या पाया पडतात, पेढे देतात. पेढा खाताना अजूनही कधीकधी तुझा राग येतो. तू असतीस तर हे मी बोलले नसते. नाहीस म्हणून बोलते.

तर आता असं झालंय. श्रीकांत इथे नांदेडलाच फिजिक्स शिकवतो हे तुला माहीतच आहे. लातूरच्या एका क्लासने आम्हा दोघांनाही बोलावलंय. दुसरीकडे पुण्यातूनही विचारणा आहे, माझे दीर तिथेच आहेत. त्यांनी त्यांच्याच सोसायटीत उंचावरचा फ्लॅट बघून ठेवलाय. मी विचारलं, लाईट गेली आणि लिफ्ट बंद पडली तर लेकरांना घेऊन किती जिने उतरायचे? श्रीकांत म्हणाला, "झालं. सासूबाई बोलायला लागल्या." पुण्यात आम्ही दोघेही दिवसभर बाहेर आणि मुलं पाळणाघरात. लातूरला शाळा, क्लास, घर सगळं चालत जाण्यासारखं, आणि दादांना भेटायला एसटीने जाऊन येण्यासारखं. डोकं लातूरच म्हणतं. पण होकाराचा फोन लावायला घेते आणि ठेवून देते, कारण तू त्याच गावाला नाही म्हणाली होतीस. ओवी आता पाच वर्षांची आहे, तेव्हाच्या माझ्याएवढी. धाकटा आरुष नुकता धावायला लागलाय.

आजचं घर बघून बाहेर आलो तर जिन्याच्या खालच्या पायरीवर एक मुलगी बसली होती, मांडीवर चुरमुऱ्यांची पुडी. वरच्या मजल्यावर इथेही मुलीच, नीटची तयारी करणाऱ्या. आज रविवार, संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून चुरमुरे. ओवी सरळ जाऊन तिच्या शेजारी बसली आणि पुडीत हात घातला. मी रागावले, तर ती मुलगी म्हणाली, "असू द्या ना मॅडम. बसू द्या थोडा वेळ. माझी लहानी बहीण एवढीच हाय, उमरीला." मग म्हणाली, "तुमी इथंच राहायला येऊन राहिल्या का?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

"या ना," ती म्हणाली. बस्स, एवढंच. आणि ओवीच्या सुटलेल्या वेणीला रबर लावायला लागली.

तिच्या डोक्यावर, जिन्याच्या वरच्या टोकाला, जाळीचं दार होतं, आणि जाळीला कुलूप लटकत होतं. तुझ्या वेळचंच जणू. काकू म्हणाल्या, रात्री बाहेरून लावते, पालकांचाच आग्रह असतो.

घरी येताना बसमधून दादांना फोन केला. सगळं सांगितलं आणि विचारलं, दादा, तुम्ही काय म्हणता? दादांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "तुझ्या आईचं कुलुपाचं खरंच होतं. पण परत येताना गाडीत ती आणखी एक बोलली होती. कुणाला सांगू नका म्हणाली होती, तिचा भाऊ आणखी हसला असता." मी विचारलं, काय? दादांनी तुझ्याच आवाजात सांगितलं, "त्या गावात लेकरं लई हायत. आया न्हाईत."

आई, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस? मी भांडत होते तेव्हा एकदा तरी बोलायचंस. मला कळलं नसतंही, सोळाव्या वर्षी कळत नाही. पण मी वीस वर्षं समजत होते की तू एका दाराला घाबरलीस. आणि तू तर मला आई असलेल्या गावात ठेवून घेत होतीस.

मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. ओवी म्हणाली, आईच्या डोळ्यात धूळ गेली.

घरी आल्यावर काकूंना फोन लावला. म्हटलं, घर पसंत आहे, पण एक अट आहे. जाळीचं कुलूप आतून लावायचं आणि चावी आतल्या भिंतीला खिळ्यावर, मुलींना दिसेल अशी. काकू चिडल्या. "आन् पोरींच्या बापाला काय सांगू मी?" मी म्हटलं, सांगा, खाली एक बाई राहते, तिचं दार उघडं असतं. काकू बघते म्हणाल्या. श्रीकांत म्हणाला, गेलं घर हातचं. मी पोळ्या लाटत बसले, पण अर्धं लक्ष फोनकडे.

आत्ता फोन आला. "या तुमी. खिळा मारते. पण पोरी बिघडल्या तर तुमच्या दारात आणून बसवीन." मी म्हटलं, तेच तर म्हणतेय काकू.

तेव्हा लातूरला चाललेय आई. तुझा शब्द मोडतेय, की पाळतेय, ते तूच ठरव. रविवारी संध्याकाळी मोठं पातेलं चढवेन, तुझ्यासारखं लसणाचं वरण आणि भाकरी, वरच्या मजल्याला पुरेल एवढं. त्या उमरीच्या मुलीला ओवी बोलवायला जाईल, कारण ओवीने आत्ताच तसं जाहीर केलंय. पत्रे मात्र नकोत हं, तेवढं माफ कर, तो उन्हाळा मला पुन्हा जमणार नाही.

आणि सुताराला सांगितलंय. सामान ट्रकमधून उतरायच्या आधी तो येणार आहे. वरची कडी तशीच राहील, आणि खाली दुसरी, ओवीच्या हाताला येईल अशी.

तुझी,
मनू