माझी अक्षरं, दादाचा स्क्रीन

चि. खटपट्यास,

काकाचे आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग. (राग वेगळ्या पाकिटातून पाठवणार होतो, पण काकू म्हणाली, एकातच कोंबा.) तुझं खाणंपिणं, झोप, नोकरी सगळं ठीक असावं. इकडे काकू ठणठणीत, तुझी आई ठणठणीत, दोघींच्या भाजीच्या वाट्या या घरातून त्या घरात फिरत असतात. फक्त तुझे बाबा, म्हणजे माझा दादा, आणि मी बोलत नाही, हे तुला ठाऊकच आहे. हे पत्र मी उभ्याने लिहितो आहे. बसलो की पाय हलतो, पाय हलला की टेबल हलतं, आणि टेबल हललं की काकू म्हणते, जरा बाहेर फिरून या. फिरून आलो. पुन्हा हाकलण्याच्या आत मुद्द्यावर येतो.

गेल्या सुट्टीत आमच्या पाट्यांच्या कारखान्यात तू जे काही करून ठेवलंस ते येऊन निस्तर. तू म्हणालास, काका, अक्षरं जुळवायचा हा प्रोग्राम फक्त लिनक्सवर चालतो आणि तुम्हाला विंडोजखेरीज काही कळत नाही. (खरं आहे, पण गिऱ्हाइकासमोर सांगायची गरज नव्हती.) मग माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढून त्यात लिनक्स घातलंस, त्याला मॉनिटर दिलाच नाहीस, आणि सांगितलंस की प्रोग्राम चालेल या डब्यात, पण त्याची खिडकी उघडेल पुढच्या टेबलावर, तुमच्या विंडोजच्या स्क्रीनवर. मी म्हटलं, म्हणजे स्वयंपाक आत आणि पान बाहेर. तू म्हणालास, अगदी तसंच, डब्याचं बटण दाबा की पान वाढलंच समजा. इथवर झकास होतं. पण जाता जाता, कधी लागलं तर असू दे म्हणून तू तीच सोय दादाच्या कॉम्प्युटरवरही करून ठेवलीस. तिथे माशी शिंकली.

दादाचा कॉम्प्युटर म्हणजे पत्ते खेळायचं यंत्र. तो बसतो प्लायवूडच्या पलीकडे. ते प्लायवूड त्यानेच ठोकलं, कारण दोन अक्षरांमधलं अंतर फूटपट्टीने ठरवायचं की नजरेने, यावरून आमचं वाजलं. मी फूटपट्टीचा, तो नजरेचा. तो ब्रशने पाट्या रंगवणार, मी मशीनने कोरणार, आणि मध्ये प्लाय. तेव्हापासून त्याने कामं घेणंच सोडलं. मी म्हटलं, बसू दे फुगून.

तर झालं असं, की एखाद्या दिवशी बटण दाबलं तरी माझ्या स्क्रीनवर खिडकीच येईना. पुन्हा दाबायचो, डब्याला चापट मारायचो (एकदा दोन मारल्या), शून्य. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने यायची, आणि बघतो तर दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवरची माझी अक्षरं सरकलेली. फूटपट्टी लावली, एक अंतर दुसऱ्यासारखं नाही. मी सगळी जागेवर आणली. पुढे खिडकी पुन्हा गायब, आणि परत आली तेव्हा अक्षरं पुन्हा सरकलेली. शेवटी वैतागून तशीच कोरली. डॉक्टरांनी रस्त्याच्या पलीकडून पाटी पाहिली आणि म्हणाले, तुमच्याकडची पहिलीच पाटी जी लांबून वाचता येते. ही स्तुती मला अजून पचलेली नाही.

इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो हसला. म्हणाला, डब्याला खिडकी पाठवायचा एकच पत्ता शिकवलाय, आणि तुमचा राऊटर सकाळी जो कॉम्प्युटर आधी चालू होतो त्याला तो पत्ता देऊन टाकतो. म्हणजे जो आधी येईल त्याचं पान, मग जेवणाचे पैसे कोणी का भरलेले असेनात! मी दुसऱ्या दिवशी लवकर गेलो. तिसऱ्या दिवशी दादा माझ्या आधी. मी आणखी लवकर, तो आणखी लवकर. आता आम्ही दूधवाल्याला कुलूप उघडताना दिसतो. हा निव्वळ खोडसाळपणा आहे. मी आत्ताच कारखान्यात जाऊन, प्लायवूडला वळसा घालून त्याला चार शब्द सुनावणार आहे. पत्र इथेच संपवतो. लवकर ये आणि ही खिडकी माझ्या टेबलाला खिळ्याने ठोक.

तुझा,
काका

ता. क. – जाऊन आलो. सुनावलं नाही. दादाचे ब्रश धुऊन बरणीत उभे केलेले आहेत आणि रंगाच्या डब्यांची झाकणं गंजून बसली आहेत. तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होता, तरी बशीत सांडत होता. (तुला घरून कोणी कळवलं नसेल. मला तरी कोणी सांगितलं?) मग त्याने कप ठेवला, बाणाच्या बटणावर बोट टेकलं आणि माझं एक अक्षर केसभर सरकवलं. मागे टेकून पाहिलं. पुन्हा केसभर. अक्षर जिथे हवं तिथे जाऊन थांबलं. इतकी वर्षं ज्या हाताचा मी हेवा केला तो हात असा थरथरताना पाहून मला फार वाईट वाटलं. मी आल्या पावली परतलो.

ता. क. २ – हल्ली मी मुद्दाम उशिरा जातो. काकूला सांगितलंय, गुडघा दुखतो. आज गुडघा जरा जास्तच दुखला, तर मी पोचताच प्लायवूडपलीकडून आवाज आला, "बटण दाब की. किती वाट बघायची माणसाने?"

दाबलं.

ता. क. ३ – त्या खिडकीतली अक्षरं मोठी दिसतील असं काही करता येत असेल तर फोनवर सांग. दादाचा चष्मा जुना झालाय. बाकी सुट्टीत जरूर ये, पण डब्याला हात लावलास तर दादा आणि मी मिळून तुझा कान पिळू.