हिरव्याखालचा लाल

५ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी पाटबंधारे ऑफिसात तलावांची पातळी घेतली. रोजचंच. गावोगावचे फोन, जुना आकडा पुसा, नवा टाका, शीट साहेबांना. आमच्या गावची पातळी बाबाच कळवतात. आज आकडा सांगून फोन ठेवलाच नाही.
"बाई, पाळीच्या बुडाशी झरा लागला. आधी साफ होता, आज गढूळ येऊन राहिला."
म्हटलं, झरा तर दरवर्षी लागतो.
"पाणी जाते त जाऊ दे. आतून माती जाऊन राहिली ना."
पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध, त्याच्या खालीच आपलं घर. सगळा ढीवरांचा, मासेमारांचा मोहल्लाच तिथे.
साहेब मीटिंगला. शीटमध्ये शेरा लिहायला जागा नाही, आणि साहेब आकडे वाचतच नाहीत, रंग वाचतात. लाल दिसला की गाडी काढतात, हिरवा दिसला की चहा मागवतात. आमच्या ओळीला लाल रंग दिला, सेव्ह केलं. तेवढ्यात पुढचा फोन.

६ ऑगस्ट
साहेबांना विचारलं, आमच्याकडे कधी निघता? स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचा तर हिरवा आहे ना, मॅडम."
हिरवाच होता! नजरचूक समजून पुन्हा लाल दिला. हिरवाच. पुन्हा. हिरवाच. बटण दाबतेय आणि काही होतच नाही.
तोंडीही सांगितलं त्यांना, गढूळ पाणी वगैरे. "गावातले लोक घाबरट असतात," म्हणाले. मी गावातलीच आहे, हे विसरले असतील.

७ ऑगस्ट
कोणीतरी मुद्दाम करतंय. मागच्या उन्हाळ्यात पाळीची डागडुजी झाली, तो ठेकेदार ऑफिसात नेहमी येतो. त्याने कोणाला सांगून ठेवलं असेल तर? मी जेवायला उठले की माझ्या खुर्चीवर कोण बसतं? आज डबा टेबलावरच उघडला आणि सगळ्यांकडे संशयाने पाहत खाल्ला. भाजी कोणती होती आठवत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार
गावी आले. करडीपर्यंत बस, पुढे बाबा सायकल घेऊन आले होते.
पाळीच्या बुडाशी चहासारखं पाणी. बाबांनी ओंजळीत धरून दाखवलं, तळाला बारीक माती बसली. बोटांनी चोळली तर मऊ. मला तिथे उभं राहवेना, आणि आई तिथेच वीस पावलांवर भांडी घासत होती.
वर पाळीवर धानवाले शेतकरी जमलेले. त्यांची तक्रार वेगळीच. "एवढा पाणी पडून राहिला, तरी तलाव भरत काहून नाही?"
आईला म्हटलं, माझ्यासोबत चल. "अन् कोंबड्या कोण पाहन?"

११ ऑगस्ट, सोमवार
सापडलं. कोणी पुसत नव्हतं. उगाच सगळ्यांना चोर ठरवलं.
शीटला आधीपासून नियम लावलेला आहे. कंडिशनल फॉर्मॅटिंग. पातळी ठरलेल्या खुणेच्या खाली असली की ओळ आपोआप हिरवी, वर गेली की लाल. हाताने दिलेला रंग जात नाही, पण दिसतही नाही. नियमाचा रंग त्याच्यावर बसतो.
आधी हसू आलं. मग एकदम कळलं. आमची पातळी कमी आहे कारण तलाव गळतोय! जितका गळेल तितका हिरवा. आणि तो हिरवा करणारा आकडा रोज बाबा प्रामाणिकपणे सांगतात, मी प्रामाणिकपणे टाकते.
साहेबांना दाखवलं. "नियम वरून लॉक आहे, मॅडम. आपल्याला हात नाही लावता येत." मग थांबून, "हिरव्यावर गाडी कशी काढू? वरचे जाब विचारतात मला."

१२ ऑगस्ट
आज बाबांचा आकडा टाकलाच नाही. त्या खान्यात अक्षरं लिहिली: पाळ गळते, खाली माणसं राहतात. एंटर मारला आणि ओळ लाल झाली. नियमाला अक्षरं कळत नसावीत, हिरवा सरकला, आणि माझाच मंगळवारचा लाल खालून वर आला. इतके दिवस तिथेच होता. मला भर ऑफिसात रडू आलं.
साहेब उठून आले. "इथे आकडा पाहिजे, मॅडम."
"आकडा खोटं बोलून राहिला, साहेब." ऑफिसात मी अशी बोलत नाही. निघून गेलं तोंडातून.
साहेबांनी ओळ पुन्हा वाचली. रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. तुम्हीही चला."
उद्या. बाबांना फोन केला तर म्हणाले, "येऊ दे उद्या. आता बारीक बारीक थेंब सुरू झाले."

१३ ऑगस्ट
रात्रभर पावसाने झोडपलं. सकाळी पातळ्या टाकत गेले तशी शीट लाल होत गेली. वरपासून खालपर्यंत लाल. एवढ्या लालात आमचा लाल कोणाला दिसणार? वरच्यांनी साहेबांना नदीकाठच्या गावांकडे पाठवलं. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना तरी काय बोलू.
बाबा दुपारी बोलले. पोरं गोण्यांत मुरूम भरताहेत, आईला आणि बायकांना वर शाळेत नेलं. "तुम्हीपण जा ना, बाबा."
"मी गेलो त खालच्यांना हाक कोण मारन?"
मागून ओरडा ऐकू येत होता. मग रेंज गेली.

१४ ऑगस्ट
करडीच्या पुढे रस्त्यावर पाणी, बस बंद. ऑफिसात बसून आहे, दुसरं काय करू.
आमच्या गावात कोणाचाच फोन लागत नाही. बाबांचा, सरपंचांचा, शाळेतल्या बाईंचा. टॉवर पडला असेल. टॉवरच असेल.
बाकी सगळ्यांच्या पातळ्या आल्या. आमच्या खान्यात "फोन नाही" एवढंच लिहिलं. अक्षरं आहेत म्हणून लाल आहे.
आत्ता साहेबांचा फोन आला, कुठूनतरी, आवाज तुटत. शीट वर पाठवायची आहे, खाना असा चालणार नाही. "काहीच कळलं नसेल तर सध्या शून्य टाका, मॅडम."
शून्य टाकलं की हिरवा होईल.
टाकलं नाही. फोन समोर ठेवलाय.