झाकण ताईकडे आहे

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. माझंच चित्त कालपासून थाऱ्यावर नाही.

काल ह्यांच्याबरोबर नव्या वस्तुसंग्रहालयात गेले. मला वाटलं, तलवारी आणि मुकुट असतील. तिथे चक्क स्वयंपाकघर निघालं. चाळणी भिंतीवर टांगलेली, तिच्यापुरता वेगळा दिवा, आणि माणसं हात मागे बांधून तिच्याकडे बघतायत. कुलपं, उलथनी, झाडूसुद्धा काचेत. हे म्हणाले, आता घरचा झाडू हातात घ्यायची आपली छाती नाही, उगाच कलेचा अपमान व्हायचा.

शेवटच्या दालनात मात्र माझे पाय खिळले. आईचा पितळी फिरकीचा डबा, ताई! म्हणजे अगदी तसाच. तेच पोट, गळ्याभोवती तीच वेलबुट्टी. फक्त झाकण नाही. खाली पाटी, 'झाकण मिळाले नाही.' तिथल्या बाईंना मी सांगितलं, डबा माझ्याकडे आहे आणि झाकण ताईकडे. त्यांनी माझा हातच धरला. असा सबंध डबा त्यांनी अजून पाहिलेला नाही. मिळाला तर मधल्या चौथऱ्यावर ठेवणार आहेत. तेव्हा झाकण लगेच पोस्टाने पाठव.

आई गेल्यावर वाटणीच्या दिवशी दोघी हट्टाला पेटलो आणि डबा एका घरी, झाकण दुसऱ्या घरी गेलं, त्यावर मी आज काही बोलत नाही.

भाऊजींना नमस्कार. राग असला तरी लोभही असू दे.

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वाटणीनंतर तुझं पत्र म्हणजे 'सर्व ठीक' आणि खाली सही. आता झाकणासाठी तीन पानं आली. नशीब काढलं झाकणाने.

ते माझ्या शिलाई मशीनपाशी उताणं असतं, त्यात बटणं ठेवते. परवा ब्लाउज टाकायला आलेल्या एका बाईने विचारलं, ह्याचा डबा कुठे? बहिणीकडे, असं सांगताना मला वाईट वाटलं. आता वाटलं ते लिहून टाकलं.

ती फिरकी आठवते ना? इतकी घट्ट, की एकीने डबा पोटाशी धरायचा तेव्हा दुसरीला झाकण पिळता यायचं. आई आंबट गोळ्या मुद्दाम त्यातच ठेवायची, एकटीला चोरता येऊ नयेत म्हणून. मग आपण जोडीने चोरायचो. अशा डब्याची वाटणी करणाऱ्या आपण दोघी किती शहाण्या.

झाकण पोस्टाने येणार नाही. येत्या शनिवारी मीच घेऊन येते. तू काही मला बोलावलेलं नाहीस, पण झाकणाला सोबत लागते.

तुझ्या ह्यांना आशीर्वाद. बाकी रुसवेफुगवे समक्ष.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचली असशीलच. इथे अजून तुझ्याच गोष्टी चालल्यात.

संग्रहालयातल्या बाई काही सावरल्या नसतील. मी डबा पोटाशी धरला, तू झाकण पिळलंस आणि फिरकी कर्रकन बसली, तेव्हा मला तिथेच रडू आलं. लोक काचेतल्या वस्तू सोडून आपल्याकडे बघत होते. बाईंनी देणगीचा कागद पुढे केला आणि आपण दोघी एकदमच नाही म्हणालो. हे म्हणतात, जन्मात पहिल्यांदा बहिणींचं एकमत झालं. बिचाऱ्या बाईंनी फोटोवर समाधान मानलं.

डबा तू झाकणासकट माझ्याकडे ठेवून गेलीस. मला वाटलं, ताईने हट्ट सोडला. आज पुसायला उचलला, तर आत खडखड वाजलं. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मी तुझ्या प्रवासाची शिदोरी बांधत असताना तू ह्यांना हे पितळ धरायला लावलंस आणि आत गोळ्या भरल्यास, हे त्यांनी आता कबूल केलंय. उघडतानाही मीच धरतो म्हणाले. मी हात लावू दिला नाही.

दिवसेंदिवस ऊन वाढतंय. गोळ्या एकमेकींना चिकटायच्या आत ये.

लोभ आहेच, तो त्या फिरकीसारखा घट्ट राहो.

तुझी,
धाकटी

ता. क. ह्या वेळी मी बोलावते आहे.