मी नसताना काय करावे

११ फेब्रुवारी १९९९

पोलंडहून उत्तर आलं! विश्रामच्या दुकानात बसून दोनदा वाचलं. टायपिंग, झेरॉक्स आणि आता पाटीवर ताज्या रंगात 'इंटरनेट'सुद्धा. म्हणतो कसा, "मावशी, परदेशातनं पत्र! आमची ओळख ठेवा हां." मेला चेष्टा करतो.

माणसाचं नाव टोमाश. मनोर रस्त्यावरच्या धर्मादाय दवाखान्यात नवसी सिस्टर क्षयाच्या पेशंटांच्या नोंदी ज्या प्रोग्रामवर ठेवते, तो ह्याने लिहिलेला. फुकट वाटतो! वर सांगतो, कुणीही उघडून बघा, दुरुस्त करा, पुढे द्या. पण सोबतचं माहितीपुस्तक – काय ते इंग्रजी! वाक्याला शेंडा ना बुडखा. ह्यांना तपासायला नेलं होतं तेव्हा नवसीने कागद माझ्या हातात दिले. "ताई, तुमी हापिसात इंग्रजी टायपिंग करायच्या ना? बघा, काय म्हनतो तो." मी दोन प्रकरणं सुधारून पाठवली. वीस वर्षं कारखान्याची परदेशी पत्रं मीच सरळ केली, साहेबांच्या नावावर. हे काय मोठंसं!

टोमाश लिहितो – "शेवटपर्यंत वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

खरं सांगते, छाती फुगली.

४ मार्च

ह्यांचा खोकला थांबत नाही. (नवऱ्याचं नाव तोंडाने कधी घेतलं नाही, वहीत तरी कशाला!) रंगाच्या कारखान्यात सगळं आयुष्य वाफेत उभं राहून काढलं, आता फुप्फुसं हिशेब मागतायत. डॉक्टर "जपा" म्हणतात. जपू म्हणजे काय करू?

दुपारी उशा रचून ह्यांना बसवते आणि शेजारी लाल पेन घेऊन टोमाशचे कागद तपासते. हे म्हणाले, "फुकटच्या कामाला एवढं मन लावतं का कुणी?" म्हटलं, "तुम्ही पगार घेऊन लावलंत, काय मिळालं?" बोलले आणि जीभ चावली. हे मात्र हसले. हसतानाही धाप!

२१ मार्च

आठवं प्रकरण गेलं. टोमाश म्हणतो, आता फक्त एकच उरलंय, ते लिहितोय.

१८ एप्रिल

आज ते शेवटचं प्रकरण आलं. "अजून कुणाला दिलेलं नाही, आधी तुम्ही बघा." विश्रामकडून छापून घरी आणलं, उघडलं आणि चरकलेच. नाव काय – 'मी नसताना काय करावे'! पहिलीच ओळ – "मी मेलो की हा प्रोग्राम तुमचा. घाबरू नका. प्रथम –" असं लिहितात पुस्तकात? तेही दवाखान्यातल्या! खाली नोंदी दुसऱ्या मशीनवर कशा न्यायच्या, असलं काहीतरी. पान उलटलंच नाही. दिवेलागणीची वेळ, आणि हे असलं घरात वाचायचं?

वरपासून खालपर्यंत लाल रेघ मारली. त्या जागी एकच वाक्य, अगदी ऑफिसला शोभेलसं – "सर्व शंकांचे निरसन करण्यास लेखक आनंदाने उपलब्ध असतील."

घरातही तेच चाललंय. परवा हे म्हणाले, "चंद्रा, एक सांगून ठेवतो. मी गेल्यावर –" मी वाटी आपटली. "असलं अभद्र ह्या घरात बोलायचं नाही!" आईनेही बाबांना असंच गप्प केलं होतं. बोललेलं लागतं. हे भिंतीकडे वळले.

२७ एप्रिल

टोमाश – "ते प्रकरण मला गरजेचं वाटत होतं. पण योग्य काय ते तुम्हाला जास्त कळतं. काढून टाकलं."

शाबास! समजूतदार आहे पोरगा. नवं पुस्तक सगळीकडे पाठवलंय आणि पहिल्या पानावर माझं नाव – चंद्रकांता, बोईसर! ह्यांना दाखवलं. कितीतरी वेळ कागद हातात धरून बसले होते.

जुने कागद बंबात घातले. फ्लॉपीवर नवी प्रत चढवली.

१९ मे

उकाडा. ह्यांनी दिवसभर अंथरूण सोडलं नाही.

६ जून

हे म्हणाले, "माहीमला जाऊन येऊ." नोकरीत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीने इथल्या जवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर जायचो. हे माणदेशातले, समुद्र इथे येऊन पहिल्यांदा पाहिलेला. बघत बसायचे ते बसायचेच, हातातला चहा निवून जायचा. "एवढं पाणी, आणि कुणाच्या बापाचं नाही," म्हणायचे.

म्हटलं, "बरे व्हा, मग जाऊ."

"आणि नाही झालो तर?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नवसी इंजेक्शन द्यायला आली होती. तिच्याशी हे बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. बरं झालं, तेवढंच मन रमतं. मी कुकरची शिट्टी होऊ दिली.

१० ऑगस्ट

दवाखान्याचा संगणक जळला. वीज गेली आणि आली ती भसकन! नवसीने नोंदींच्या फ्लॉप्या वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. कॉलनीतल्या कुणीतरी जुनं मशीन दिलं, पण त्यावर नोंदी उघडत नाहीत. नवसी भिजत घरी आली.

"ताई, पुस्तकात लिवलेला हाय काय? कंच्या पाड्यावरचा कोन, गोळ्या किती झाल्या, कवा यायचा हाय – सगळा त्याच्यात हाय. गोळी मदीच सुटली तर मानूस जातो, ताई."

पुस्तक उघडलं. त्या जागी माझं वाक्य. आनंदाने उपलब्ध असतील!

टोमाशला तातडीने लिहिलंय. उद्या-परवा येईल उत्तर.

१७ ऑगस्ट

नाही आलं.

२४ ऑगस्ट

नाहीच. नवसी पावसात पाडे पालथे घालतेय. ज्याचं नाव आठवेल त्याच्या दारात जाते. डोंगरापलीकडचा सुका नावाचा एक जण तिला आठवला, तोवर त्याच्या गोळ्या सुटून बरेच दिवस झाले होते. आता रक्त पडतंय म्हणे.

मी रोज विश्रामकडे पत्र आलं का बघून येते.

३० ऑगस्ट

उत्तर आलं. टोमाशचं नाही, बहिणीचं. तिचं इंग्रजी त्याच्याहून कच्चं. पण सगळं कळलं. ह्यात न कळण्यासारखं काय असतं!

टोमाश जुलैत गेला. रक्ताचा कर्करोग. त्याला आधीपासून माहीत होतं. नोकरीच्या ठिकाणचं मशीन त्यांनी परत नेलं आणि पुसलं. कुठकुठल्या दवाखान्यांची पत्रं येतायत, तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "तो सांगून गेला की सगळं शेवटच्या प्रकरणात आहे, आणि ते बोईसरच्या बाईंकडे नक्की असेल. कृपया पाठवा."

विश्रामला विचारलं, एप्रिलातलं पत्र आहे का. म्हणाला, "जुनं पुसून टाकतो मावशी, जागा कुठाय." मग म्हणाला, "पाणी देऊ?"

पहिल्या ओळी तोंडपाठ आहेत. घाबरू नका. प्रथम – प्रथम काय? पान उलटलं असतं तर! शेवटपर्यंत वाचणारी पहिली बाई म्हणे मी! एका मरणाऱ्या माणसाने जीव ओतून लिहिलेलं मी बंबात घातलं, आणि त्या पाण्याने अंघोळ केली.

३१ ऑगस्ट

सकाळी ह्यांच्या उशाशी बसले. म्हटलं, "तुम्हाला काय सांगायचं होतं ते सांगा. मी ऐकते. मध्ये बोलणार नाही." ह्यांनी डोळे उघडले. ओठ हलले, पण श्वासच पुरेना. मी कान अगदी तोंडाशी नेला. नुसती घरघर. माझा हात दाबला, तो का दाबला तेही कळलं नाही.

"राहू दे, उद्या बोलू," म्हटलं. मीच म्हटलं!

१ सप्टेंबर

हे गेले.

१९ सप्टेंबर

काल गावाहून परतले. खोलीत औषधांचा वास तसाच आहे.

हे गेले त्या दिवशी धाकटे दीर महादूभाऊजी ठाण्याहून गाडी घेऊनच आले होते. म्हणाले, "वैनी, आपल्या मातीत नेऊ. का आण्णांनी काय दुसरं सांगून ठेवलंय?" चारजण माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, नाही. खरंच नव्हतं सांगितलं. मी सांगू दिलं असतं तर ना!

यंदा तिकडे पाऊस नाही. नदी कोरडी. खडकातल्या डबक्यात अस्थी सोडल्या, त्या बुडेनातसुद्धा. मला तिथे रडूही आलं नाही, नुसता राग राग येत होता. कुणाचा ते आता लिहीत नाही.

२२ सप्टेंबर

विश्रामकडे गेले. माझं ते वाक्य पुस्तकातून काढलं. तिथे लिहिलं – "लेखक वारले. ते नसताना काय करावे हे त्यांनी लिहून ठेवले होते. मी ते न वाचता काढायला लावले." खाली माझं नाव. बहिणीला पाठवून दिलं. ह्यावेळी इंग्रजी तपासलं नाही.

सुका गेला, असं विश्रामच्या दुकानातच कळलं.

२५ सप्टेंबर

नवसी आली. इतके दिवस पाड्यांवर होती, ह्यांचं तिला कालच कळलं. म्हणाली, "ताई, दादांना माहीमलाच नेला ना, दर्याकडं? माज्याकडं सांगून ठेवलेला त्यांनी. गावाला नको, माहीमलाच. मी म्हटला, ताईला सांगा. तर म्हनाले, तिला असला बोललेला सोसत नाय. येळ आली का तूच सांग."

मी म्हटलं, हो. माहीमलाच नेलं.