आधी मशीनला नाव विचार

सर, तुम्हाला न आवडणारी गोष्ट आधीच सांगून टाकते. ते पेंग्विनचं चित्र मी अजून सोडलेलं नाही. तुमच्या वेळी स्क्रीनफेच होतं, तुम्ही त्याला ‘वाढदिवसाचा फ्लेक्स’ म्हणायचात. त्यानंतर निओफेच आलं, ते तुम्ही बघितलं नाहीत. तेही पुष्कळ वर्षं चाललं, मग सांभाळणाऱ्यानं हात काढून घेतला, आणि आता जो तो फास्टफेचकडे वळलाय. काम तेच. मशीन उघडलं की डावीकडे चित्र, उजवीकडे रंगीत अक्षरांत मशीनचं नाव, मेमरी किती, डिस्क किती भरली, किती दिवस न थांबता चालू आहे, सगळी कुंडली एका दमात. आज कारखान्याला साप्ताहिक सुट्टी आहे. भट्टी थंड आहे, कुपवाडचा रस्ता कधी नव्हे तो मोकळा होता, आणि मी एकटी ऑफिसात बसून चारही मशीनवर जुनं काढून नवं टाकायला आले होते. ते काम अर्ध्यात टाकून तुम्हाला लिहायला बसलेय. का, ते सांगते, पण तुमच्यासारखं एका ओळीत मला जमायचं नाही.

मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा डिप्लोमाचा कागद कोरा करकरीत होता आणि डोक्यात हवा होती. ओतकामाच्या कारखान्यात लिनक्स बघून मला हसूच आलं. मोठ्या मालकांना सॉफ्टवेअरवर खर्च नको होता आणि तुम्ही लष्करातून, सिग्नलमधून, सुभेदार होऊन आलेले. तुम्हीच सगळं बसवलेलं. मशीनला नावंसुद्धा तुम्हीच दिलेली, नद्यांची. मुख्य सर्व्हर कृष्णा, डिस्पॅचचं मशीन वेण्णा, हिशेबाचं वसना, आणि मला दिलंत ते येरळा. “आटलेली नदी दिलीत की मला,” असं मी म्हटलं तर तुम्ही हसला नाहीत. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात. तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही दोन बोटांनी टाइप करताय आणि प्रत्येक आज्ञा मोठ्यानं बोलताय. होस्टनेम. “नाव काय तुजं?” हू-ॲम-आय. “आनि मी कोन म्हनून आत आलोय?” अपटाइम. “कवापस्नं हुबा हायस?” फ्री. “दम किती शिल्लक हाय?” मग माझ्याकडे वळून म्हणालात, “पहाऱ्यावरचा जवान काय म्हनतो? थम, कौन आता है. बापाला बी इचारतो. आदी नाव इचारायचं, मग हात लावायचा. समजलं का, पोरी?” मी मान हलवली, आणि मनात म्हटलं, काय हा म्हातारा, मशीनशी गप्पा मारतोय.

महिन्याभरात मला त्या चार प्रश्नांचा वैताग आला. रोज, प्रत्येक मशीनवर, काही कारण नसताना. म्हणून मी शहाणपणा केला. सगळ्या मशीनवर स्क्रीनफेच टाकलं, आत शिरलं की आपोआप दिसेल असं. म्हटलं, सर, आता विचारायचं कामच नाही, एका नजरेत सगळं. तुम्ही चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ बघितलंत. “चित्र झ्याक हाय. पर चारी मशीनवर त्योच पक्षी बसलाय की गं. मानूस चित्र बघंल, नाव वाचनार न्हाई.” मी म्हटलं, वर नाव लिहिलेलं असतं की. तुम्ही म्हणालात, “इचारलं तर मानूस उत्तर ऐकतो. न इचारता सांगितलेलं कोन ऐकतंय?” आणि ऑफिसातल्या चौघांसमोर म्हणालात, “आळशी कामाला शानपनाचं नाव द्यू नगं.” माझे कान तापले. दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. चित्र मात्र ठेवलं, आणि तुम्हीही काढलं नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण मी ते कधी कुणापुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत बोललेले नाही, म्हणून लिहिते. संध्याकाळ झालीय, मला घरी जायची घाई आहे, आईनं पाहुणे यायचे म्हणून दोनदा फोन केलाय. माझ्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या आहेत, एक माझी येरळा, एक दुपारपासून उघडी राहिलेली कृष्णा. दोन्हीकडे तोच पेंग्विन. मी पक्षी बघते, नाव वाचत नाही, आणि आपलं मशीन समजून बंद करायची आज्ञा देते. माझी स्क्रीन चालूच राहते. पलीकडच्या खोलीतला कृष्णाचा पंखा बंद पडत गेलेला ऐकू आला. चारशेहून जास्त दिवस ती डिस्क फिरत होती. “हिला थांबवायचं न्हाई, थांबली तर परत उठायची न्हाई,” असं तुम्हीच बजावलं होतंत, आणि तसंच झालं. नवी डिस्क घालून तुमच्या बॅकअपमधून बाकी सगळं परत आलं, पण मधल्या सहा दिवसांचे धातूच्या तपासणीचे अहवाल गेले. भरलेला ट्रक गेटात उभा, अहवालाशिवाय माल घ्यायला गिऱ्हाईक तयार नाही.

मोठे मालक खाली आले ते लालबुंद होऊन. “कुणी केलं हे?” मी तोंड उघडलं होतं, सर. देवाशपथ उघडलं होतं. पण आवाज फुटायच्या आत तुम्ही पुढे झालात. “माज्या हातनं झालं, मालक. खिडकी चुकली.” मालकांना आधी खरंच वाटेना. “सुभेदार, तुम्ही?” मग ते थंडपणे म्हणाले, “वय झालं तुमचं.” मी तिथेच उभी होते, तुमच्यापासून दोन हातांवर, आणि माझं तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशी टपरीवर तुम्ही माझ्यापुढे चहाचा ग्लास सरकवलात. “तुजी नोकरी कच्ची हाय. मला पेन्शन हाय. रडू नगं, चा पी.” मी म्हटलं, मी सांगते मालकांना. तुम्ही म्हणालात, “आज न्हाई. पर सांग कवातरी. तुजं तू सांग, मी न्हाई सांगनार.” एवढंच. त्यानंतर तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय. रागही आलाय तुमचा. माणसाला इतकं मोकळं सोडायचं असतं का हो?

महिन्याभरात मालकांनी तुम्हाला गेटवर टाकलं. वयाचा मान म्हणून काढलं नाही, असं ते सगळ्यांना सांगत. तुमची खुर्ची मला मिळाली, नोकरी पक्की झाली, पगार वाढला. आणि तुम्ही निळा शर्ट घालून गेटात, सिग्नलचा सुभेदार, ट्रकचे नंबर वहीत उतरवताय. रोज सकाळी माझी स्कूटी आली की काठी आडवी धरून म्हणायचात, “थम! कौन आता है?” बाकीचे हसायचे. मीही हसायचे आणि म्हणायचे, दोस्त आहे, सर. मग तुम्ही काठी वर करायचात. दोन वर्षं हे चाललं. एकाही सकाळी मी स्कूटी बाजूला लावून मालकांकडे खरं सांगायला गेले नाही. मग तुमची छाती धरायला लागली, तुम्ही कोरेगावला गावी गेलात, आणि परत आलाच नाहीत. दहाव्याला मी आले होते. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं, म्हणाल्या, “तुजं लय कौतुक सांगायचं बग. म्हनायचं, माजी पोरगी मशीन माज्यापरास चांगलं वळकती.” मी त्यांनाही काही सांगितलं नाही. पिठलं-भाकरी खाल्ली आणि एसटीनं परत आले.

आता खरं दुखणं. आपल्या कारखान्यात एक शब्द झालाय, सर. कुणी चुकून भलतंच मशीन बंद केलं, भलतीच फाइल पुसली, की म्हणतात, ‘सुभेदारी केलीस काय रं?’ नवे येतात, त्यांना सुभेदार कोण ते माहीतही नसतं, शब्द मात्र पहिल्या आठवड्यात शिकतात. पंधरा दिवसांपूर्वी धाकटे मालक हिशेबात नवीन आलेल्या मुलीला समजावत होते, “पूर्वी एक म्हातारे होते इथे. त्यांनी एकदा सगळा सर्व्हर झोपवला. मॅडमना विचार, मॅडम होत्या तेव्हा.” मुलीनं माझ्याकडे बघितलं. आणि मी हसले. खोटं सांगत नाही, दात दिसतील असं हसले. घरी जाऊन जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलंच. समोर उभं राहून बोलायची छाती नाही, तर लिहून टाकू. त्या निओफेचची एक सोय आहे, त्या कुंडलीत आपली एक ओळ घालता येते. कृष्णावर रोज सगळेच आत शिरतात, डिस्पॅचवाले, हिशेबवाले, धाकटे मालकसुद्धा. तिथे अपटाइमच्या खाली मी ओळ घातली, ‘पूर्वी हा सर्व्हर चुकून बंद झाला तो सुभेदारांच्या हातून नव्हे, माझ्या हातून,’ आणि खाली माझं नाव. रोज सकाळी ती ओळ माझ्यासमोर येत होती. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, वाचलं असेल सगळ्यांनी, मनाचा मोठेपणा म्हणून गप्प असतील. मी चक्क सुखात होते हो, पंधरा दिवस.

आज ऑफिसात चिटपाखरू नव्हतं, म्हणून ती ओळ दिसत होती त्या खिडकीत, हात लावायच्या आधी, तुमच्यासारखं मोठ्यानं विचारलं. होस्टनेम. नाव काय तुझं? उत्तर आलं, येरळा. ओळ माझ्याच मशीनवर होती, सर. जिथे माझ्याशिवाय कुणी शिरत नाही तिथे. कृष्णावर नुसताच पेंग्विन. आधी मी कपाळावर हात मारून घेतला, म्हटलं परत तीच खिडकी चुकली. मग नीट आठवून बघितलं. त्या दिवशी मी नाव वाचलं होतं. येरळा वाचलं होतं, आणि तरीही लिहिलं होतं. ही चूक नव्हती. पहिली होती ती चूक.

म्हणून हे एवढं लिहून झाल्यावर आत्ता मी कृष्णात शिरले. नाव विचारलं. कोण म्हणून आलेय ते विचारलं. ओळ घातली, आणि तपासून दोनदा वाचली. आता उद्या सकाळी नऊला डिस्पॅचचे जाधवकाका सगळ्यांच्या आधी आत शिरतील. तुम्हाला आठवत असेल, त्यांना स्क्रीनवरचं अक्षर न अक्षर मोठ्यानं वाचायची सवय आहे, पार भट्टीपर्यंत ऐकू जातं. हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या वहीत घडी करून ठेवतेय, ट्रकचे नंबर लिहिलेल्या. आणि सर, रागावू नका, पण उद्या मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.