पावणेपाचला मधूला उठवणे

६ फेब्रुवारी ८४
डॉक्टरांनी सांगितलंय, रोज वहीत झोप लिहा. काल: दीड तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. सव्वीस वर्षं गिरणीत रात्रपाळीला साच्यावर कापड विणलं. दुपारी पत्र्याखाली घामाघूम होऊन पण मेल्यासारखा झोपायचो. संप झाला, गिरणीने परत घेतलं नाही. आता ना दिवसा, ना रात्री. ही म्हणते, विचार करू नका. सांगायला काय जातं!

७ फेब्रु.
एक तास. शेजारचा मधू परळला एका गिरणीत बदलीवर लागलाय. पहाटे फाटकावर वेळेत उभा राहिला तरच त्या दिवशीचं काम. मुकादम म्हणालाय, महिनाभर खाडा नको, मग कायमचं बघू. घरात तान्हं पोर, गजर लावला की रडून चाळ उठवतं. मला म्हणाला, "नाना, तुमी जागेच असतात. पावणेपाचाक माका उठवशात?"
जागेच असतात! खरंच आहे म्हणा.

११ फेब्रु.
दोन तास. रोज उठवतो. गॅलरीत झोपतो तो, अंगठा ओढला की लगेच उठतो. बऱ्याच दिवसांनी कुणाच्या उपयोगी पडतोय. पण आता नवंच. आधी भीती होती झोप येणार नाही याची. आता वाटतं, आली तर?

१८ फेब्रु.
शून्य. हिच्याबरोबर हिंदमाताला, भाचीच्या साडीसाठी. काउंटरला टेकून उभ्या उभ्या डुलकी. दुकानदाराने स्टूल दिलं. सगळ्या बायका बघत होत्या. घरी येताना ही रडली. मला मरायचं नाही, नुसतं झोपायचंय. एवढंही मिळू नये?

२४ फेब्रु.
पाऊण तास. डॉ.नी नवी गोळी दिलीय, जास्त जोराची. घेतली नाही. ही चिडली. म्हणे मधूला त्याची आई उठवेल. आईला ऐकू कमी येतं, ती कसली उठवते. त्याचे थोडेच दिवस उरलेत. मग घेईन.

२ मार्च
साडेपाच तास.
गोळी न घेता. चारपर्यंत जागा होतो, भिंतीला पाठ लावून. मग एकदम ऊन. मधूची वळकटी गुंडाळलेली. धावत गेला होता, पण फाटकावर दुसऱ्याला घेऊन टाकलं. खाडा पडला. महिना पहिल्यापासून मोजणार. आठवडाही उरला नव्हता.
संध्याकाळी आला. मी मान वर केली नाही. म्हणाला, "असू दे नाना. तुमका झोप लागली, ता बरा झाला."
शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ मार्च
तीन दिवस शून्य. डॉ.नी वही पाहिली. साडेपाचाखाली रेघ मारली, खूश झाले. त्या दिवशी काय केलंत ते आठवा, म्हणाले, आणि रोज तसंच करा. हो म्हटलं.

६ मार्च
शून्य. साडेचारलाच गॅलरीत गेलो. मधूचे डोळे उघडे.
कधी उठलास, विचारलं.
"झोपच लागूक नाय, नाना. चार दिवस झाले."
त्याच्या शेजारी बसलो. पावणेपाच व्हायला अवकाश होता.